पहिल्या पानावरचा जिल्हा

१८९७ साली सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून ‘प्रतोद’ नावाचं वृत्तपत्र निघत होतं. त्या वर्षी त्यात कॅनडावर एक लेख आला. तिथल्या लोकांना स्वातंत्र्याची ओढ लागली आहे, इंग्लंडच्या छत्राखाली राहणं त्यांना रुचत नाही आणि आपल्या देशाची गत मात्र काय, असा त्याचा रोख. वाळवा तालुक्याच्या गावी बसून कुणी कॅनडाच्या राजकारणाशी आपलं नातं जोडत होता आणि ते छापायची हिंमत करत होता, एवढ्यावरूनच त्या काळच्या लहान गावांविषयीच्या आपल्या कितीतरी समजुती बदलाव्या लागतात. सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. सातारच्या सत्र न्यायालयाने संपादक रामचंद्र नारायण यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे गेलं. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. सरकारविषयी प्रेम नसणं म्हणजे राजद्रोहाच्या कलमातली अप्रीती नव्हे, अप्रीती ही त्याहून तीव्र, अवज्ञेकडे झुकणारी भावना असते, असा अर्थ रानड्यांनी लावला. गुन्हा कायम राहिला, शिक्षा मात्र पुष्कळच खाली आली.

त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, जुलैअखेर टिळकांना अटक झाली. वाईच्या ‘मोदवृत्ता’वरही खटला झाला. एका सालात एकाच जिल्ह्यातली दोन पत्रं राजद्रोहाच्या आरोपाखाली उभी राहिली. टिळकांचा खटला शाळेच्या पुस्तकात आला. इस्लामपूर आणि वाई तळटीपेत राहिली.

आज इस्लामपूर सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ साली जुन्या साताऱ्याचे तालुके आणि आसपासची विलीन संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे ‘प्रतोद’ नेमका कुणाचा? सातारच्या इतिहासात शोधावा तर गाव सांगलीचं, सांगलीच्या इतिहासात शोधावा तर खटला सातारचा. जिल्ह्याच्या हद्दी सरकारी आदेशाने बदलतात, पण स्थानिक इतिहास लिहिणारे त्या हद्दींना इतके धरून राहतात की मधलं पान कुणाच्याच वहीत जात नाही. सातारा आणि सांगली या दोन शहरांचा भूतकाळ जुन्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवरून वाचायचा असेल, तर तो एकत्रच वाचावा लागेल, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं पान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आठ कॉलमी मथळा येतो. एकोणिसाव्या शतकातल्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर तो शोधू नये. वर पत्राचं नाव, त्याच्या जोडीला एखादा संस्कृत श्लोक, वर्गणीचे आणि टपालहशिलाचे दर. खाली बहुधा जाहिराती आणि कोर्टाच्या नोटिसा. मोठी बातमी आत. नवखा वाचक अशा पानावरून पुढे सरकतो, आणि तिथेच फसतो. लिलावाच्या नोटिशीतून कर्ज कुणाच्या मानेवर बसलं होतं ते कळतं. औषधांच्या जाहिरातींतून कोणत्या दुखण्याची धास्ती होती ते कळतं. पुस्तकांच्या जाहिरातींतून गावात कोण काय वाचत असेल याचा अंदाज येतो. संपादकाने विचारपूर्वक लिहिलेल्या अग्रलेखापेक्षा या चौकटी कधी कधी अधिक खरं बोलतात, कारण त्या उद्याच्या वाचकासाठी लिहिलेल्या नसतात.

साताऱ्यात ‘शुभसूचक’ सुरू झालं ते १८५८ साली. ही तारीख मला विलक्षण वाटते. त्याच्या आदल्याच वर्षी, ८ सप्टेंबर १८५७ रोजी, रंगो बापूजींच्या इंग्रजांविरुद्धच्या कटातल्या सतरा जणांना साताऱ्यात गेंडामाळावर देहदंड झाला होता. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. राज्य खालसा होऊन दहाच वर्षं झाली होती. ज्या गावात अशी दहशत ताजी होती, त्याच गावात कुणीतरी वृत्तपत्र काढायचं ठरवलं. ‘दर्पण’ १८३२ चं, पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ चा. त्यांच्यापेक्षा सातारा फार मागे नव्हता. इथल्या नगर वाचनालयाची स्थापनाही १८५२ ची. पेठेतल्या चार माणसांनी एक अंक मिळून वाचायचा, एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, हा त्या काळचा रिवाज. खप शेकड्यांत असला तरी कान त्याहून कितीतरी जास्त.

त्या जुन्या अंकांचं पुढे काय झालं? सुटा अंक घडी घालून ठेवला की पहिलं पान बाहेर राहतं. ऊन, धूळ, हाताचा घाम, वाळवी, सगळं आधी त्यालाच लागतं. घडीवर कागद तुटतो आणि नेमकी तारीखच जाते. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिंध्यांच्या लगद्याचा कागद मागे पडून लाकडाच्या लगद्याचा आला. तो स्वस्त, पण आम्ल धरणारा. पिवळा पडतो, मग तपकिरी, मग बोट लावलं तरी तुकडा पडतो. वर्षाची फाइल बांधून घेतली तर अंक टिकतो, पण शिवणीत आतला रकाना अडकतो आणि बाइंडरने कडा कापल्या तर वरची ओळ जाते.

एक गोष्ट मात्र आपल्या उपयोगाची झाली. मुंबई सरकारचे अनुवादक दर आठवड्याला देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा तयार करत. पुढे त्या अहवालांत पत्राचं नाव, गाव, खप, इतकंच काय, संपादकाचं नाव, जात आणि वयसुद्धा नोंदलं जाई. साताऱ्याची ‘शुभसूचक’, ‘महाराष्ट्र मित्र’, ‘प्रकाश’ ही नावं त्यांत भेटतात. नजर ठेवण्यासाठी केलेलं ते काम आज अभ्यासकाला मोलाचं आहे. पण तो गोषवारा आहे. सरकारला खटकलेलं तेवढंच त्यात उतरलं. लिलावाच्या नोटिसा, नाटकाची जाहिरात, पावसाची बातमी साहेबाला खटकण्याचं कारण नव्हतं. ते सगळं गळलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं त्या सांगलीत नाटकाच्या जाहिराती गळणं ही लहान हानी नाही.

पहिल्या पानावर काय नाही, हेही पाहावं. ‘छोडो भारत’ आंदोलनात ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला, १० तारखेला इस्लामपूरला. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीला बळी पडले. नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मुलुखात न्यायनिवाडे करत होतं. त्या वर्षांत वृत्तपत्रांवर युद्धकाळातल्या कायद्यांचा फास होता, आणि लोक हातोहात फिरणाऱ्या पत्रकांवर विसंबत होते. म्हणून १९४३ ची फाइल उघडणाऱ्याने युरोपातल्या आघाडीचे मथळे पाहून कुंडल, वाळवा शांत होतं असं समजू नये.

आणि पहिलं पान नेहमीच एक रात्र मागे असतं. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं गेली. त्या सकाळचे अंक रात्रीच छापून झाले होते. घरं कोसळत असताना त्यांची बंडलं गाडीत असणार, आणि त्यांच्यावर आदल्या दिवसाचं राजकारण. ११ चा आणि १२ चा अंक शेजारी ठेवून पाहिले की एका पहाटेने जिल्ह्याचं काय केलं ते कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट दिसतं. अशी जोडी प्रत्येक वाचनालयाने काचेत लावावी.

सांगलीचं नगर वाचनालय १८६९ चं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, आणि वाचनालयात पाणी शिरलं. हजारो ग्रंथ भिजले. ओला कागद दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो आणि चिकटलेली पानं ओढली की अक्षरं एकमेकांवर उतरतात, हे आता सांगलीकरांना वेगळं सांगावं लागत नाही. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ ला पुन्हा पाणी आलं. नदीकाठच्या गावाने वृत्तपत्रांच्या फायली तळमजल्यावर ठेवू नयेत, एवढं तरी ठरायला हवं.

छायाचित्रण हा त्यावरचा उपाय, पण तोही नीट व्हावा. बांधीव फाइल सपाट काचेवर दाबली तर कणा मोडतो. पाळण्यासारख्या आधारावर अर्धवट उघडून ती वरून कॅमेऱ्याने टिपावी लागते. सुरुवात पहिल्या पानांपासूनच करावी. पैसे संपले तरी वर्षाची बावन्न साप्ताहिक पानं तरी हाती राहतील. मोठ्या दैनिकांची काळजी घेणाऱ्या संस्था आहेत. धोका आहे तो तालुक्याच्या पत्रांना, ज्यांचे खिळे जुळवणारा, बातमी लिहिणारा आणि अंक टपालात टाकणारा बहुधा एकच माणूस होता. त्यांच्या फायली घरांच्या माळ्यावर असतील, जुन्या छापखान्यांच्या मागच्या खोलीत असतील.

सातारा आणि सांगलीच्या वाचनालयांनी मिळून एकच सूची करावी: पत्राचं नाव, गाव, तेव्हाचा जिल्हा, आताचा जिल्हा, कोणत्या तारखांचे अंक कुठे आहेत. १९२० साली औंध संस्थानात असलेल्या किर्लोस्करवाडीतून निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ही तिच्यात घ्यावी. ‘प्रतोदा’ची नोंद करताना तेव्हाचा जिल्हा सातारा, आताचा सांगली असं लिहावं, आणि अंकाचा रकाना भरेपर्यंत शोध चालू ठेवावा.