गिर्येची गोदी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीहून मुदाळ तिट्ट्याला आलं की निपाणी-देवगड रस्ता लागतो. राधानगरी, दाजीपूर करत तो फोंडा घाटातून कोकणात उतरतो. पुढे तळेऱ्याला फाटा घेऊन वाघोटन खाडीच्या कडेकडेनं गेलं की विजयदुर्ग. संपादकांनी किल्ल्यावर लिहायला सांगितलं होतं.

किल्ल्याचं नातं आमच्या कोल्हापूरच्या मुलखाशीच. पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजानं तो बांधला असं मानतात. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत पन्हाळा आणि विजयदुर्ग एकदमच गेले. विजयदुर्ग शिवरायांनी घेतला, आंग्र्यांनी गाजवला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. गडावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून, लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं १८६८च्या ग्रहणात इथूनच हेलियम वायू शोधला, अशी गोष्ट सांगतात. पण त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडातच होता. विजयदुर्गावर तो आला १८९८च्या जानेवारीतल्या ग्रहणाला.

माझा पाय मात्र अडकला तो किल्ल्यापासून थोडं आत, खाडीकाठच्या गिर्ये गावात. तिथं मराठ्यांची गोदी आहे. खडक कापून केलेली, सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. लाकडी जहाजाचा तळ समुद्रात सतत पोखरला जातो. शिंपले चिकटतात, किडे फळ्या खातात, सांधे सुटतात. ते दुरुस्त करायला जहाज कोरड्यावर घ्यावं लागतं, आणि तोफांनी लादलेली गुराब, म्हणजे मोठी लढाऊ नौका, माणसांनी ओढून निघत नाही. म्हणून इथं समुद्रालाच कामाला लावलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढतं, तेव्हा जहाज आत घ्यायचं. ओहोटीला पाणी उतरलं की जहाज आपसूक टेकतं. मग सुतार तळाशी शिरायचे, सांधे बुजवायचे, तेल-राळ चढवायचे. पुढच्या उधाणाला जहाज तरंगत बाहेर. या बंदरातून आधी आंग्र्यांचं आणि पुढे आनंदराव धुळपांचं आरमार चाललं. पराक्रमाचं श्रेय तोफांना आणि तटांना मिळतं. माझ्या मते त्यातला मोठा वाटा या खड्ड्याचा आणि त्या सुतारांचा आहे, ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आज गोदीत गाळ भरला आहे. किल्ल्याचा तट २०२० च्या पावसाळ्यात ढासळला तेव्हा निदान आरडाओरडा तरी झाला. गाळ आवाज करत नाही. दर पावसाळ्यात नदी घाटमाथ्याकडची माती आणते, भरती ती आत ढकलते, आणि दगडात कापलेल्या कडा थोड्या आणखी बुजतात. वारशाच्या यादीमुळे पैसा आणि प्रवासी येतील, पण ते किल्ल्याच्या दारावरूनच परततील, ही भीती मला वाटते. गाळ जपून उपसायला हवा, कडांची मापं नोंदवायला हवीत, आणि हे नेमकं काय आहे ते सांगणारा नीट फलक हवा.

कोल्हापूर, कागल, भुदरगडकडच्या शाळांच्या सहली विजयदुर्गाला जातात. शिक्षकांनी त्यातला तासभर गिर्येसाठी ठेवावा, आणि निघण्याआधी ओहोटीची वेळ पाहून घ्यावी. भरतीला गेलात तर नुसतं पाणी दिसेल.