ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस
निवासी डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी थोडेसे

आपल्या रुग्णालयाच्या जमाखर्चात ‘वैद्यकीय शिक्षण व ग्रंथालय’ हे शीर्षक दरवर्षी खर्चाच्या बाजूस असते. धर्मादाय रुग्णालयाने उपचार करावेत, शिकविण्याचा भार कशासाठी उचलावा, अशी पृच्छा काही सन्माननीय देणगीदार करतात. प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि सर्वांच्या परिचयाच्या एका आजाराच्या आधारे या खर्चाचा हिशेब मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण केवळ महाविद्यालयांतच मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या व १९८२ पासून स्वतंत्रपणे कार्य करणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या ‘डीएनबी’ अभ्यासक्रमामुळे मान्यताप्राप्त रुग्णालयांतही विशेषज्ञ घडतात. एमबीबीएस उत्तीर्ण डॉक्टर रुग्णालयात निवासी म्हणून तीन वर्षे काम करतात. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच त्यांना प्रात्यक्षिक परीक्षेस बसता येते. रात्री दोन वाजता रुग्णाजवळ प्रथम पोहोचतो तो हाच तरुण डॉक्टर. त्याला काय ठाऊक आहे, यावर पुढील कित्येक गोष्टी अवलंबून असतात.

डेंग्यूचेच उदाहरण घेऊ. दिवसा चावणाऱ्या एडिस डासामुळे पसरणाऱ्या या आजाराच्या तीन अवस्था असतात. पहिली तापाची, दोन ते सात दिवसांची. दुसरी धोक्याची, बहुधा २४ ते ४८ तासांची. तिसरी बरे होण्याची. यातील मर्म असे, की धोक्याची अवस्था सामान्यतः ताप उतरू लागतो त्याच सुमारास सुरू होते. नातेवाईक सुटकेचा नि:श्वास सोडून ‘आता घरी सोडा’ म्हणतात, नेमक्या त्याच वेळी काही रुग्णांत केशवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त घट्ट होते, नाडी जलद होते, हातपाय गार पडतात.

अशा वेळी रक्तदाबाचा वरचा आकडा बराच काळ जवळजवळ पूर्ववत राहू शकतो. म्हणून विद्यार्थ्यास विचारावयाचा कळीचा प्रश्न ‘रक्तदाब किती?’ एवढाच नसतो. वरच्या व खालच्या आकड्यांतील अंतर किती, हेही विचारले जाते. ते २० अथवा त्याहून कमी झाले, तर रुग्ण गंभीर अवस्थेकडे जात आहे, हे ओळखता आले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत धोक्याची लक्षणे नमूद आहेत : पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून अथवा नाकातून रक्तस्राव, सुस्ती वा अस्वस्थता, यकृताला सूज, छातीत वा पोटात पाणी साठणे, तसेच प्लेटलेट झपाट्याने घटत असताना रक्ताचा घट्टपणा वाढणे. ही यादी पाठ करून गुण मिळतात. रुग्णाच्या उशाशी ती आठवली तर जीव वाचतो.

प्लेटलेटविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. संख्या घटल्याचे कळताच नातेवाईक रक्तपेढीकडे धाव घेतात. त्यांची काळजी स्वाभाविक आहे. परंतु रक्तस्राव नसताना केवळ आकडा उतरला म्हणून प्लेटलेट चढविण्याने बहुधा लाभ होत नाही. मुख्य उपचार म्हणजे द्रवाचे काटेकोर नियोजन. सलाईन कमी पडले तर रुग्णाचा रक्तपुरवठा खालावतो. जास्त झाले तर बरे होण्याच्या अवस्थेत फुप्फुसांत पाणी साठून श्वास कोंडतो. म्हणून दर काही तासांनी नाडी, लघवीचे प्रमाण व रक्ताचा घट्टपणा तपासून मात्रा बदलावी लागते. तापासाठी ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन टाळून डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल द्यावे, हेही कुटुंबीयांनी लक्षात ठेवावे.

हे सारे ग्रंथांत लिहिलेले आहेच. मात्र वाचलेले नेमक्या क्षणी आठवावे, यासाठी ज्येष्ठ डॉक्टरांनी कनिष्ठांस रुग्णाजवळ उभे करून प्रश्न विचारावे लागतात, चुकीचे उत्तर तेथेच दुरुस्त करावे लागते, प्रत्येक आजाराची थोडक्यात टिपणे करवून घ्यावी लागतात. यासाठी ज्येष्ठांचा वेळ लागतो, अद्ययावत ग्रंथ लागतात. आमच्या वहीतील तो खर्च हाच.

या शिक्षणातील आणखी एक वाटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. स्वत: आजारी असूनही ‘तपासा, डॉक्टर’ म्हणून विद्यार्थ्यांस संमती देणाऱ्या रुग्णांचा तो वाटा होय. त्यांच्या व आपणा सर्व दात्यांच्या ऋणात राहूनच येथील तरुण डॉक्टर परीक्षेस बसतात. त्यांच्यापैकी अनेकजण उद्या लहान गावांत एकट्याने रुग्ण पाहतील. ताप उतरलेल्या एखाद्या मुलाला घरी न सोडता आणखी दोन दिवस ठेवून घेण्याचा निर्णय तेथे कोणी घेतला, तर आपल्या देणगीचा विनियोग योग्य झाला, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.