पॉइंट पगाराला कधी चिकटतात?

लेखमाला : छोट्या कंपनीतलं काम – लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण स्प्रिंट पाहिला. दोन आठवड्यांचा टप्पा, सुरुवातीला टीमने कामं उचलायची, शेवटी चालतं सॉफ्टवेअर क्लायंटसमोर ठेवायचं. आता त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. दोन आठवड्यांत कामं उचलायची किती?

पंधरा-वीस माणसांच्या कंपनीत या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा साहेबांचा चेहरा बघून दिलं जातं. "गुरुवारपर्यंत होईल ना?" "होईल सर." विचारणाऱ्याला अंदाज हवा असतो आणि समोरचा शब्द देऊन बसतो. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलीला सगळ्यांदेखत "नाही होणार" म्हणणं हा उद्धटपणा वाटतो. गुरुवार उजाडतो, काम अर्धं असतं, मग रात्री उशिरापर्यंत बसणं आलं. डोंबिवली किंवा पनवेलची शेवटची गाडी गाठायची असेल तर कुर्ल्यातल्या ऑफिसात या उशिराची किंमत फार मोठी असते.

स्टोरी पॉइंटची पद्धत याच अडचणीवर काढलेली आहे. काम किती दिवसांचं हे विचारायचं नाही. हे काम त्या दुसऱ्या कामाच्या मानाने किती मोठं, एवढंच ठरवायचं. लॉगिनच्या पानावर एक बटण वाढवणं २ पॉइंटांचं धरलं, तर पैसे परत करण्याची सोय कितीची? प्रत्येकाच्या हातात १, २, ३, ५, ८, १३ अशी पत्त्यांची पानं असतात आणि सगळ्यांनी आपापलं पान एकाच वेळी उघडायचं. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली ही रीत मांडली. सगळ्यांनी एकदम पान टाकण्यातच तिचं मर्म आहे. आपल्याकडे टीम लीड आधी बोलला की बाकीचे त्याच्याच आकड्याभोवती फिरतात. पानं एकदम उघडली की लीडचं ३ आणि सर्वांत नव्या मुलीचं १३ टेबलावर शेजारी पडतात. मग तिला विचारावंच लागतं, तेरा का? आणि तेव्हा कळतं की पेमेंटच्या जुन्या कोडला एकही टेस्ट नाही, हे फक्त तिलाच माहीत होतं, कारण गेल्या महिन्यातला बग तिनेच शोधला होता. माझ्या मते पॉइंटांचा निम्म्याहून अधिक फायदा या पाच मिनिटांच्या बोलण्यातच पदरात पडतो.

उरलेला फायदा हिशेबाचा. समजा, सात जणांच्या टीमने मागच्या तीन स्प्रिंटमध्ये १८, २४ आणि २१ पॉइंटांची कामं पुरी केली. सरासरी २१. याला व्हेलॉसिटी म्हणतात. बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, ८४ पॉइंट शिल्लक असतील तर सरासरीने चार स्प्रिंट लागतील. पण क्लायंटला एकच तारीख देऊ नये. सगळं जमून आलं आणि प्रत्येक वेळी २४ झाले तरी साडेतीन, म्हणजे चारच स्प्रिंट. १८ वर अडकलो तर पाच. तेव्हा 'आठ ते दहा आठवडे' हे प्रामाणिक उत्तर. मध्ये गणपती आले तर तेही धरायचे. दहा कामाच्या दिवसांच्या स्प्रिंटमध्ये सात जणांचे सत्तर दिवस होतात. तिघं पाच-पाच दिवस कोकणात गेले की उरले पंचावन्न. त्या स्प्रिंटला २१ ऐवजी १६ पॉइंट उचलावेत. कुणाची रजा रद्द करायला नको, कुणी गावाहून लॅपटॉप उघडून बसायला नको. जुलैत शीव-कुर्ल्यादरम्यान रुळांवर पाणी चढतं त्या दिवसांचंही तसंच.

पॉइंट इथवर टीमच्या हातात असतात, म्हणून ते खरे असतात. त्यांच्यात खोट कुठून शिरते ते समजायला त्यांचा जन्म पाहायला हवा, आणि गंमत अशी की तो धागा कुर्ल्याला येऊन भिडतो.

अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीने १९९० च्या दशकात आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा हिशेब करणारी नवी प्रणाली लिहायला घेतली. या प्रकल्पाचं नाव सी-थ्री. १९९६ मध्ये केंट बेक तिथे आले, त्यांच्यासोबत रॉन जेफ्रीज. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीची घडण तिथे झाली. ही टीम आधी 'आदर्श दिवसां'त अंदाज द्यायची : कुणी मध्येच उठवलं नाही, मीटिंग नाही, फोन नाही, तर लागतील तेवढे दिवस. प्रत्यक्षात त्याच्या साधारण तिप्पट वेळ जायचा. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का लागतात, हे वरच्या लोकांना काही केल्या उमगेना. म्हणून 'दिवस' हा शब्द टाकून 'पॉइंट' म्हणायला सुरुवात झाली, अशी हकीकत जेफ्रीज यांनी सांगितली आहे. पुढे २००१ च्या फेब्रुवारीत यूटातल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यात बेक आणि जेफ्रीज दोघेही होते. त्यासोबतच्या बारा तत्त्वांपैकी एक सांगतं की कामाचा वेग कायम टिकवता येईल असाच असावा. आणि २०१९ मध्ये याच जेफ्रीजनी लिहिलं की पॉइंट कदाचित आपणच शोधले असावेत, आणि तसं असेल तर आता त्याचं आपल्याला वाईट वाटतं. वरिष्ठ त्यांचा उपयोग टीमांची तुलना करायला आणि दबाव आणायला करतात, हे त्यांचं दुःख.

क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथ गाड्या १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याकडे जोडल्या जात होत्या. जोडणारी कंपनी वालचंद हिराचंद यांची, १९४४ मध्ये स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून पुढे फिएट आणि पद्मिनी बाहेर पडल्या. आज त्या जमिनीवर कोहिनूर सिटी आहे आणि तिथे संगणकापुढे बसून काम करणारी ऑफिसं आहेत.

त्या कारखान्यात आकड्याला पैसा जोडलेला होता, आणि ते उघडपणे. प्रीमियरच्या मोटार उत्पादन विभागात ठरावीक उत्पादनापुढे जास्त पैसे देणारी इन्सेंटिव्हची योजना होती. १९७१ मध्ये त्यासाठी एका युनियनशी नवा करार झाला. तो प्रतिस्पर्धी युनियनच्या कामगारांना मान्य नव्हता, ते दिवाणी न्यायालयात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९७५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की औद्योगिक विवाद कायद्याने दिलेल्या हक्काचा वाद त्या कायद्याच्याच वाटेने सोडवायचा, दिवाणी न्यायालयात नाही. औद्योगिक कायदा शिकणाऱ्यांना हा निकाल आजही वाचावा लागतो. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. किती उत्पादनाला किती पैसे, हे तिथे कागदावर होतं. त्यावर सह्या होत्या. घासाघीस करायला युनियन होती, एक सोडून दोन. आकडा पगाराला चिकटलेला आहे हे कामगाराला ठाऊक होतं आणि तो बदलला तर भांडायचं कुठे हा प्रश्न न्यायालयात विचारता येत होता.

सॉफ्टवेअरच्या छोट्या ऑफिसात आकडा पगाराला चिकटतो तो गुपचूप. कुणीही करार करत नाही. मार्चमध्ये अप्रेझलच्या वेळी साहेब जिरा हे कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर उघडतात आणि म्हणतात, "तुझे महिन्याला चौदा, त्याचे बावीस." एवढं एक वाक्य पुरतं. पुढच्या स्प्रिंटपासून ५ चं काम ८ चं होतं. शेजारी अडकलेल्या सहकाऱ्याजवळ तासभर बसायला कुणी तयार नसतं, कारण त्या तासाचे पॉइंट त्याच्या खात्यात जाणार. टेस्ट लिहिण्याचे पॉइंट नसतात, म्हणून टेस्ट राहतात. सकाळचा पंधरा मिनिटांचा स्टँड-अप, म्हणजे उभ्याउभ्याने घ्यायची बैठक, हजेरीसारखा होतो. प्रत्येक जण लीडकडे बघून बोलतो. आणि पानं उघडायच्या त्या खेळात ती मुलगी आता तेरा टाकत नाही, लीडने काय टाकलं असेल ते ताडून टाकते. व्हेलॉसिटीचा आलेख मात्र चढत जातो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्येच चलनधोरणाबद्दल हे मांडलं होतं : मोजमापाला नियंत्रणाचं साधन केलं की ते मोजमाप ढासळतं.

मालकाची बाजू मी हलकी मानत नाही. एक तारखेला पगार द्यायचा असतो, एलबीएस मार्गावरच्या गाळ्याचं भाडं द्यायचं असतं, करार ठरलेल्या रकमेचा असतो आणि क्लायंट रोज विचारतो. पण क्लायंटला पॉइंटांशी देणंघेणं नसतं. पावतीची सोय कधी मिळेल, व्हॉट्सॲपवर संदेश कधी जाईल, हे त्याला हवं असतं. ते सांगायला व्हेलॉसिटी पुरते, फक्त ती टीमच्या बाहेर जायला नको. माणसाचं मोल करायचंच असेल तर त्याने कुणाचा कोड तपासला, कुणाला शिकवलं, रात्री बंद पडलेला सर्व्हर कसा सावरला, क्लायंटची तक्रार कशी ऐकून घेतली, हे बघावं. वीस माणसांच्या कंपनीत हे डोळ्यांनी दिसतं. त्यासाठी आकडा लागत नाही. आणि ज्या मालकाला उत्पादनाप्रमाणे बोनस द्यायचाच आहे, त्याने तो संपूर्ण टीमसाठी, लेखी, आधी सांगून द्यावा. प्रीमियरच्या कामगारांना निदान तेवढं मिळत होतं.

पुढच्या लेखांकात स्प्रिंटच्या शेवटची बैठक, रेट्रोस्पेक्टिव्ह. साहेब खोलीत असताना नवे लोक गप्प का बसतात, आणि बैठकीचा पहिला अर्धा तास साहेबांनी बाहेर थांबायचं ठरवलं तर काय काय करावं लागतं, ते पाहू.