एका दातासाठी किती फेऱ्या, किती महिने? इम्प्लांटपूर्वी हे जाणून घ्या

दाढ काढली, की 'पुढे बघू' म्हणत वर्ष उलटते. तोवर शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, तिथले हाड झिजते. मग प्रश्न येतो : कवळी, ब्रिज की इम्प्लांट? शिरूर-दौंडच्या रुग्णाला पुण्याच्या फेऱ्यांचाही हिशेब करावा लागतो.

इम्प्लांट म्हणजे काय?
जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. त्यावर जोडभाग आणि वर कॅप. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे संशोधक ब्रॉनेमार्क यांना १९५२ मध्ये सशावरील प्रयोगात दिसले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले.

किती फेऱ्या?
• पहिली : तपासणी, एक्स-रे, गरजेनुसार थ्री-डी स्कॅन.
• दुसरी : जागा बधिर करून स्क्रू बसवणे. एका दाताला साधारण तासभर.
• तिसरी : आठ-दहा दिवसांनी टाके काढणे.
• नंतर थांबायचे : खालच्या जबड्यात साधारण ३, वरच्या जबड्यात ४ ते ६ महिने.
• शेवटी : माप आणि कॅप, आणखी दोन-तीन फेऱ्या.
हाड कमी असेल तर ते भरावे लागते. मुदत काही महिन्यांनी वाढते. दौंडहून रेल्वेची सोय आहे. शिरूरकरांनी नगर रस्त्यावरची कोंडी धरूनच वेळ घ्यावी. टाके काढण्याचे काम गावातील दंतवैद्याकडे होईल का, हे आधीच विचारा.

दुखते का?
बसवताना दुखत नाही. नंतर दोन-तीन दिवस सूज, ठणका राहतो. रक्त थांबत नसेल, ताप आला, दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल किंवा स्क्रू हलत असेल, तर लगेच डॉक्टरांना गाठा.

कोणी जपावे?
मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात हवी. विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्रीमुळे हिरडीचे नुकसान होते, जखम नीट भरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील गोळ्या सुरू असतील तर सांगा. स्वतःहून बंद करू नका.

खर्चाचे काय?
'एका दाताचे इतके' यावर थांबू नका. स्कॅन, स्क्रू, जोडभाग, कॅप, हाड भरणे यांचा वेगवेगळा लेखी हिशेब मागा. पुण्यातील दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खर्च सहसा कमी असतो, फेऱ्या मात्र वाढू शकतात. डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडील नोंदणी पाहा. स्क्रूची कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असलेले कार्ड जपून ठेवा. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे दुरुस्ती करायची झाली तर तेच उपयोगी पडते.

बसवल्यावर संपले?
नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकते. दिवसातून दोनदा ब्रश आणि सहा महिन्यांनी तपासणी हवीच. एवढ्या फेऱ्या जमणार नसतील, तर ब्रिज किंवा चांगली कवळी हाही योग्य पर्याय आहे.