विश्लेषण : सर्व्हर सावरला, तरी संगणकांना अपडेट का मिळत नाहीत?

मोठ्या कार्यालयांतील शेकडो संगणकांना विंडोजची सुरक्षा अपडेट एकाच मध्यवर्ती सर्व्हरवरून दिली जातात. त्यासाठी अनेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टची 'कॉन्फिगरेशन मॅनेजर' ही प्रणाली वापरतात. हा सर्व्हर बंद पडला, तर बॅकअपमधून पूर्ववत करता येतो. कन्सोल उघडतो, संगणकांची यादीही दिसते. पण अपडेट पुढे सरकत नाहीत. असे का होते?

बॅकअपमध्ये काय नसते?

या बॅकअपमध्ये मुख्यतः साइटचा डेटाबेस आणि सेटिंग्ज असतात. अपडेटच्या प्रत्यक्ष फायली त्यात येत नाहीत. अपडेटची यादी पुरवणाऱ्या 'डब्ल्यूएसयूएस' सेवेचा डेटाबेसही वेगळा असतो. म्हणजे दुकानाची वही परत मिळाली, पण गोदामात माल आहे की नाही, हे वहीवरून कळत नाही.

पासवर्डचा काय संबंध?

साइट पूर्ववत केल्यावर तिच्यात जपलेल्या खात्यांचे पासवर्ड पुन्हा भरावे लागतात. प्रॉक्सीच्या खात्याचा पासवर्ड राहून गेला, तर मायक्रोसॉफ्टकडून नवी यादी येणेच थांबू शकते.

दोष कसा शोधावा?

वरून खाली यावे. आधी डब्ल्यूएसयूएसचे सिंक्रोनायझेशन यशस्वी होते का, ते पाहावे. मग अपडेटच्या फायली वितरण केंद्रांवर पोहोचल्या आहेत का, हे तपासावे. नसतील तर मूळ फोल्डर जागेवर आणून पुन्हा वितरण करावे. शेवटी संगणकावरील स्कॅनची नोंद वाचावी. अपडेटच्या यादीला आवृत्ती क्रमांक असतो. जुन्या बॅकअपमुळे सर्व्हरवरील क्रमांक मागे गेला आणि संगणकांकडे पुढचा असला, तर स्कॅन अडू शकते. अशा वेळी डेटाबेसमध्ये परस्पर बदल करू नयेत, मायक्रोसॉफ्टच्या तज्ज्ञांची मदत घ्यावी.

एवढी घाई कशासाठी?

विंडोजमधील एका त्रुटीवरचे अपडेट १४ मार्च २०१७ रोजी आले होते. तरीही १२ मे रोजी 'वॉनाक्राय'ने त्याच त्रुटीतून जगभरातील संगणकांत शिरकाव केला. ब्रिटनची सरकारी रुग्णालये अडचणीत आली. जूनअखेर आलेल्या 'नोटपेट्या'नेही पसरण्यासाठी इतर मार्गांबरोबर हीच वाट वापरली; त्या हल्ल्यात मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

काम पूर्ण कधी समजावे?

कन्सोलवर हिरवी खूण दिसली म्हणून नव्हे. आधी मोजक्या संगणकांवर एक अपडेट पाठवावे. ते तिथे प्रत्यक्ष बसले आणि तसा अहवाल परत आला, तरच सर्व्हर खऱ्या अर्थाने सावरला.