खगोलशास्त्राचा गृहपाठ संगणकावर

१९८७ साली अमेरिकेत ‘ए प्रायव्हेट युनिव्हर्स’ हा लघुपट तयार झाला. ऋतू का होतात, चंद्राच्या कला का दिसतात, असे साधे प्रश्न त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीधरांना, माजी विद्यार्थ्यांना व प्राध्यापकांना विचारण्यात आले. २३ पैकी २१ जण चुकले. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते, ही त्यांतील नेहमीची समजूत. वस्तुतः पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, म्हणजे उत्तर गोलार्धातील ऐन हिवाळ्यात.

अशी समजूत केवळ व्याख्यानाने सहसा जात नाही. विद्यार्थी परीक्षेपुरते बरोबर उत्तर लिहितो आणि मनात जुनेच ठेवतो. अमेरिकेतील महाविद्यालयांत इतर शाखांचे विद्यार्थीही खगोलशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम घेतात. अशा मोठ्या वर्गात प्रत्येकाची चूक हुडकणे एका प्राध्यापकाच्या आवाक्याबाहेरचे असते. इंटरनेटवरील पाठ व गृहपाठ यांची उपयुक्तता आहे ती येथे.

‘अंतरामुळे’ असे उत्तर आल्यास चांगली गृहपाठ-पद्धती नुसती फुली मारीत नाही. तसे असेल तर त्याच वेळी ऑस्ट्रेलियात कोणता ऋतू असावयास हवा, असा उलट प्रश्न ती करते. विद्यार्थ्याला आपल्याच उत्तरातील विसंगती दिसू लागते. लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठाने यासाठी चलत् प्रतिकृती विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. त्यांत विद्यार्थी पृथ्वीला कक्षेवर स्वतः सरकवून पाहतो. लिंकन शहरी माध्यान्हीचा सूर्य जूनअखेरीस क्षितिजापासून सुमारे ७३ अंश उंच असतो, डिसेंबरअखेरीस अवघा २६. किरण तिरपे पडले की तीच उष्णता अधिक जमिनीवर पसरते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. (या प्रतिकृती मुळात ‘फ्लॅश’ तंत्रावर आधारलेल्या होत्या. ते तंत्र २०२० अखेर बंद पडल्याने त्यांची नव्याने बांधणी करावी लागली. संगणकीय साधनांचे आयुष्य पाठ्यपुस्तकाहून कमी असते.)

गणिताच्या प्रश्नांत प्रत्येकास निराळे आकडे देता येतात. एकास सूर्यापासून पृथ्वीच्या चौपट अंतरावरील ग्रह मिळतो, दुसऱ्यास नऊपट अंतरावरील. केप्लरच्या नियमानुसार त्यांचे परिभ्रमणकाळ ८ व २७ वर्षे येतात. शेजाऱ्याचे उत्तर उतरविण्यात अर्थ राहत नाही.

तथापि बहुपर्यायी प्रश्नांत ही सोय नसते. उत्तर बरोबर येईपर्यंत एकेक पर्याय दाबीत जाणारे विद्यार्थी सर्वत्र आहेत. चुकीच्या प्रयत्नाचे गुण कापणे हा त्यावरील अर्धाच उपाय. शिक्षकाने तासापूर्वी उत्तरांचा गोषवारा वाचणे अधिक मोलाचे ठरते. पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्राच्या कला होतात, असे अर्ध्या वर्गाने लिहिले असल्यास दुसऱ्या दिवशीचा पाठ तेथूनच सुरू करता येतो. त्यासाठी एक दिवा आणि एक चेंडू पुरतो.