ग्रंथान्त सूची आणि व्यावसायिक सूचिकार

तौलनिक साहित्याभ्यासाचा ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत सलग वाचणारे वाचक थोडेच असतात. बंगालीचा अभ्यासक त्यात रवींद्रनाथांचा शोध घेतो, नाट्याचा अभ्यासक इब्सेनचा. आणि दोघेही प्रथम शेवटची पाने उलटतात. तेथे सूची नसेल, तर ग्रंथातील विवेचन त्यांच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यासारखेच होय. तरीही सूची म्हणजे छपाईच्या अखेरच्या आठवड्यात एखाद्या संशोधक विद्यार्थ्याकडून उरकून घेण्याचे काम, अशीच समजूत आपल्याकडे बहुधा आढळते. हे काम मानधन देऊन मुक्त व्यावसायिकाकडे सोपवावयाचे, तर कोणत्या गोष्टी आधी ठरवाव्या लागतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठीत ‘सूची’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची नोंद करणाऱ्या शंकर गणेश दाते यांच्यामुळे ग्रंथसूचीची परंपरा आपल्याला परिचित आहे. एकाच ग्रंथातील नामे व संकल्पना पृष्ठांकांसह दाखविणारी सूची ही मात्र वेगळी विद्या आहे. इंग्लंडमध्ये तिच्यासाठी १९५७ साली ‘सोसायटी ऑफ इंडेक्सर्स’ ही संस्था स्थापन झाली.

संगणक शब्द शोधतो, आशय शोधत नाही. एखाद्या पृष्ठावर देशीवादाची चर्चा असेल, पण तो शब्द नसेल, तर ते पृष्ठ यंत्राच्या हाती लागत नाही. ‘टागोर’ आणि ‘ठाकूर’ एकच, हे सूचिकारालाच ठाऊक असावे लागते. कवितेच्या संदर्भात ‘कुसुमाग्रज’ व नाटकाच्या संदर्भात ‘वि. वा. शिरवाडकर’ असा उल्लेख असल्यास मुख्य नोंद कोठे करावी आणि ‘पाहा’ कोठे लिहावे, हा निर्णय वाचनातूनच येतो. वर्णक्रमाचेही तसेच. संगणकाच्या सर्वसाधारण क्रमात ‘ळ’ हा ‘ल’नंतर येतो आणि ‘ज्ञानेश्वर’ ‘ज’मध्ये जातात, मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’नंतर असतात. अनुस्वाराचे स्थानही आधीच निश्चित करावे लागते.

म्हणून करारापूर्वी एका प्रकरणाची नमुना सूची मागवावी. सूचिकाराला ग्रंथाची भाषा व विषय दोन्ही अवगत आहेत की नाही, हे तीवरून कळते. मानधन पृष्ठामागे, तासाप्रमाणे की एकरकमी. ते लेखकाने द्यावयाचे की प्रकाशकाने. तळटीपांचा समावेश करावयाचा की नाही. दुरुस्त्या किती वेळा होतील. हे सर्व लेखी असावे. आणि सूचीचे काम पृष्ठरचना अंतिम झाल्यावरच सुरू करावे. प्रस्तुत लेखकाच्या एका ग्रंथात सूची तयार झाल्यानंतर पहिल्या प्रकरणात नवा मजकूर घातला गेला. पुढील सारे पृष्ठांक दोनाने चुकले, आणि ग्रंथ तसाच छापला गेला. दोष सूचिकाराचा नव्हता. अंतिम मुद्रिते त्याला पुन्हा दाखविण्याची तरतूद आम्ही केली नव्हती.

सूचिकार हा ग्रंथाचा पहिला परका वाचक असतो. एखादी संकल्पना त्याला कोणत्या नोंदीखाली घालावी हे उमगत नसेल, तर तिची मांडणी बहुधा लेखकानेच संदिग्ध ठेवलेली असते. तेव्हा त्याच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी लेखकाने वेळ राखून ठेवावा आणि ऋणनिर्देशात त्याचे नाव अवश्य नोंदवावे.